बागेचं आरक्षण

शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला आणि नेमकं आमच्या घरावर बागेचं आरक्षण पडलं. नकाशातला हिरवा रंग शेजाऱ्याच्या कुंपणाशी येऊन बरोब्बर थांबला होता.

"कुठेतरी पाणी मुरतंय," दादा म्हणाला. बिल्डरशी सगळं ठरलं होतं. घराच्या बदल्यात दोन फ्लॅट, बाबा दादाकडे, आई माझ्याकडे. आता तो बिल्डर फोनही उचलेना. माझा संशय शेजाऱ्यावर होता, वहिनीचा सरळ नगरसेवकावर.

बाबा नगररचना खात्यातून निवृत्त झालेले. दादाने त्यांनाच गाठलं. "तुमच्या ओळखी आहेत ना? शोधून काढा, कुणाचं काम आहे हे!"

"बघतो," बाबा चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "पण आमच्या खात्याची बाग कागदावरून जमिनीवर उतरायला अख्खी पिढी जाते. तोवर घर विकता यायचं नाही. राहायला मात्र कुणाची ना नाही."

मी तणतणत पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात आई खोक्यांत बांधलेली भांडी पुन्हा फळीवर लावत होती. मागोमाग कप ठेवायला बाबा आले. दाराआडच्या माठाशी उभा असलेला मी दोघांनाही दिसलो नसावा.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बागेची सूचना तुम्हीच दिलीत, हे पोरांना कळलं तर?"