पहिली पोळी

ब्रिस्टलजवळच्या त्या खेड्यात गोग्रासाला गाय कुठून आणणार? म्हणून सुप्रभाताई रोज पहिली पोळी मागच्या कुंपणापाशी ठेवायच्या. मोडक्या शिंगाचं एक म्हातारं हरीण येऊन ती खाऊन जायचं.

आज हरणाच्या आधी शिकारीच दारात आला. जंगलातली वाढलेली हरणं कमी करायचं काम त्याच्याकडे होतं. "चांगल्या शिंगांचे नर आम्ही राखतो. एक मोडक्या शिंगाचा म्हातारा मात्र मारायचाय. दिसला का कुठे?"

"इकडे हरणं येतच नाहीत." या माणसाला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं ताईंनी त्याची बंदूक बघताच ठरवलं होतं.

त्यानं कुंपणाकडे पाहिलं. "मग ती चपाती?"

"पक्ष्यांना."

"अरे वा. रोज ठेवता?"

सुटले बाई! ताई खुलल्या. "रोज, सकाळी साडेसातला. घड्याळ लावून घ्या."