पाण्याची बाटली

भिंतीवर महेंद्रचं व्यसनमुक्ती समुपदेशकाचं नवंकोरं सर्टिफिकेट लटकत होतं. उकव्याच्या खाणीत काम करणाऱ्या नथ्थूनं ते पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"पुस्तक वाचून पास झाले सर तुमी. दारूचं तुमाले काय समजते?" म्हणत तो उठलाच.

तेवढ्यात महेंद्रची बायको डबा घेऊन आली. टेबलावरची नवऱ्याची पाण्याची बाटली तिनं उचलली, झाकण काढून हुंगली आणि डबा ठेवून निघून गेली.

नथ्थू दारातच थबकला.

"दारू सुटून किती साल झाले सर?"

"नऊ."

"आन् बाई अजून हुंगते?"

"हौ. रोज."

नथ्थू परत येऊन खुर्चीत बसला.

"माह्यीबी रोज हुंगते सर," तो खाली पाहत म्हणाला. "तिले वास येते."