मण्यांची शर्यत

"पट्टी नको म्हणजे नको!" भिंगरीनं उजव्या डोळ्यावरची पट्टी ओढून काढली आणि पलंगाखाली भिरकावली.

आई रडकुंडीला आली. पाच वर्षांच्या या पोरीचा डावा डोळा आळशी असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. चांगला उजवा डोळा रोज थोडा वेळ झाकायचा, म्हणजे डाव्याला मुकाट्यानं कामाला लागावं लागेल. तेही आत्ताच, कारण मोठेपणी असा डोळा सहसा सुधारत नाही. पण भिंगरी ऐकेल तर शपथ!

तेवढ्यात बाबा दुकानातून आले, नेहमीप्रमाणे डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटून.

"धांदरट कुठले!" आई म्हणाली.

बाबा घड्याळजी होते. उजव्या डोळ्याला लावायचं भिंग अजून कपाळावरच होतं. त्यांनी पलंगाखालची पट्टी पाहिली, पोरीचं फुगलेलं तोंड पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"मलाही एक पट्टी दे," ते आईला म्हणाले.

त्यांनी ती स्वतःच्या उजव्या डोळ्यावर चिकटवली. मग मण्यांचा डबा ओढत म्हणाले, "चल, शर्यत. आधी कोणाची माळ होते बघू."

भिंगरीनं पट्टी लावून घेतली. तिलाही मण्याचं भोक सापडेना, पण बाबांची तर पार फजिती झाली. मणी चाचपताना अर्धा डबा जमिनीवर सांडला. भिंगरी खो खो हसली आणि जिंकली.

"खोटं खोटं हरायचं नाही हं, बाबा!"

"शब्द देतो. एकदाही नाही."

आईनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं. रोज संध्याकाळी ही शर्यत रंगू लागली. बाबा रोज हरत. "नाटकी आहात अगदी," आई हळूच म्हणायची. "निदान एकदा तरी जिंका, नाहीतर तिला संशय येईल."

"बघू," बाबा म्हणायचे.

भिंगरीचे मणी बारीक होत गेले. आता ती स्वतःच पट्टी मागून घ्यायची.

पुढच्या तपासणीला तिनं डाव्या डोळ्यानं तक्त्यावरची चित्रं धडाधड ओळखली. बदक, छत्री, अगदी खालच्या ओळीतली इवलीशी किल्लीसुद्धा. बाबांचा ऊर भरून आला.

"झकास! आणखी थोडे महिने पट्टी लावली की झालं," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. आईनं शर्यतीची गंमत त्यांच्या कानात सांगितली होती. "पोरीसाठी रोज मुद्दाम हरणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला."

भिंगरीचा चेहरा पडला. "तू मुद्दाम हरायचास? मग मी पट्टी लावणारच नाही!"

डॉक्टरीणबाईंनी जीभ चावली. आई तिला समजवायला पुढे झाली, पण पोर हुंदके देऊ लागली होती.

बाबांनी तिला खुर्चीवरून उतरवलं आणि स्वतः तिथं बसले. उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबला.

"आता मला विचारा. हिच्यासमोरच."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या समाधानासाठी तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं चित्र छडीनं दाखवलं. "सांगा, हे काय?"

बाबा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले.

"अरे बाबा, घर आहे, घर!" भिंगरीला राहवेना.

"तिथं चित्र आहे होय?" बाबांनी विचारलं.