बंद केबिनमधली हाक

बुडत्या बोटीच्या केबिनमध्ये अडकलेल्या नायिकेला आवाज द्यायचा, एवढेच तिचे काम होते. पण दिग्दर्शक आठवडाभर तिची एकेक हाक नाकारत होता. "बाई, गळ्यापर्यंत पाणी आलंय तुमच्या, आणि तुम्ही दूधवाल्याला हाक मारताय!" तो काल वैतागून म्हणाला. "वाटलं तर शब्द तुमचे घाला. पण उद्या सकाळी जमलं नाही, तर मी दुसरी मुलगी बघतो."

म्हणून आज निघण्यापूर्वी ती पुन्हा न्हाणीघरात शिरली. तिथल्या ओल्या भिंतींत तिच्या आवाजाला समुद्राची खोली मिळे, आणि घरच्यांनाही एव्हाना त्या किंकाळ्यांची सवय झाली होती. अखेर मनाजोगती एक हाक लागली. ती घाईने बाहेर पडायला वळली, तर दाराची कडी जागची हलेना. तिने कडी हिसडली, दार बडवले. बाहेर ओट्यावर तिचा फोन वाजून वाजून गप्प झाला.

"आई, कडी अडकलीय! हा सराव नाही, मी खरंच आत अडकलेय! ऐकताय ना तुम्ही?" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

दारापलीकडे भाजी निवडणारे सासूबाईंचे हात क्षणभर थांबले.



"‘हा सराव नाही’ हे झकास घातलंस हं," त्या म्हणाल्या, "पण बुडणारी बाई कधी एवढी चिडते का गं?"