तोंडावरचा रुमाल

काचेपलीकडच्या बाकावर बसलेल्या थोरलीने रुमाल नाकापर्यंत ओढला, तेव्हाच धाकटीने ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

दोघी बहिणी नव्हत्या. कापडाच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर सगळी उमर गेली, तिथेच ही नावं चिकटली. मागांच्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे, म्हणून बायका नुसत्या ओठांनी बोलत, सासूच्या कागाळ्यासुद्धा. कापसाची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून बांधलेला रुमाल बोलायचं असलं की खाली यायचा. काही लपवायचं असलं की वर जायचा. म्हाताऱ्या झाल्या तरी दोघींच्या गळ्यात तो असायचाच.

कारखाना बंद पडला आणि मालकाने पेन्शन थकवली. दावा लावलेल्या बायका एकेक करून देवाघरी गेल्या. आता या दोघीच उरल्या होत्या, आणि एकटीच्या नावावर दावा चालत नव्हता. आज थोरली मालकाच्या कचेरीतल्या साहेबाच्या काचेच्या खोलीतून बाहेर आली न आली, तोच धाकटीला आत बोलावलं. मध्ये बोलायलाही मिळालं नाही.

"चौथा हिस्सा आजच मिळेल," साहेबाने कागद पुढे सरकवला. "बाकीचं विसरायचं."

"आमचं ठरलंय. सही करायची नाही."

"तुमच्या मैत्रिणीने मघाशीच केली, बाई."

धाकटीने काचेकडे मान वळवली. केलीस? तिने ओठांनी विचारलं. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, रुमाल तसाच ठेवला आणि नजर खाली वळवली.

धाकटीला रागही आला नाही. फार एकटं वाटलं. नवरा गेला तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा शेजारी थोरली होती. आता दावा तसाही बुडालाच होता, आणि भाड्यासाठी घरमालक रोज दारात उभा होता. तिने सही करून टाकली.

बाहेर येऊन ती थोरलीसमोर उभी राहिली. "तोंड लपवण्यापेक्षा सांगायचंस तरी."

थोरलीने रुमाल खाली घेतला. "काय सांगायचं? मी नाही म्हणून आले त्याला."

"मग रुमाल?"

"तुझं भाडं थकलंय, मला ठाऊक नाही का? माझ्या तोंडाकडे बघून तू अडून बसली असतीस. म्हटलं, तुझं तुला ठरवू दे." थोरली बाकावर सरकली, तिला जागा करून दिली. "तू काय म्हणालीस?"

धाकटी तिच्या शेजारी बसली आणि गळ्यातला रुमाल तिने नाकापर्यंत ओढून घेतला.