बापाची हरकत

"पुढची फाईल, सतरा," असं म्हणून बाई थांबल्या. मुख्याध्यापिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन समितीच्या अध्यक्ष झाल्या तरी त्यांचा वर्गातला खणखणीत आवाज गेला नव्हता, पण आज पुढचं नाव त्यांनी वाचलंच नाही. सतरा नंबरची फाईल कोणाची, हे टेबलाभोवतीच्या पाचही जणांना ठाऊक होतं. चष्मेवाल्यांना तर ती तोंडपाठ होती.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी ही नागरिकांची समिती. पगार नाही, मान बेताचा आणि चहा कायम गार. तीन हात वर झाले तर चौकशी लागायची, नाहीतर फाईल कायमची बंद. चष्म्यांचं दुकान सांभाळून हे गृहस्थ तीन वर्षं इथे येत होते आणि त्यांनी एकही बैठक चुकवली नव्हती. आजची फाईल त्यांच्याच मुलाची होती. चौकशीला म्हणून ठाण्यात नेलेला चोवीस वर्षांचा पोरगा तिसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून घरी आला. पायऱ्यांवरून पडला, असं ठाण्याचा कागद सांगत होता. त्या ठाण्याला पायऱ्या होत्या तीन.

चष्मेवाले खुर्ची सरकवून उठले.

"कुठे निघालात?" कंत्राटदाराने विचारलं.

"बाहेर. नियम आहे ना."

नियम कसा आला, हे कंत्राटदाराइतकं कोणाला माहीत असणार! दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेहुण्यावर, एका फौजदारावर, तक्रार आली होती. हा पठ्ठ्या खुर्चीला चिकटून बसलेला पाहून चष्मेवाल्यांनी टेबलावर हात आपटला होता. ज्याच्या नात्यातलं प्रकरण असेल त्याने खोलीबाहेर जायचं, असं त्यांनी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. कंत्राटदार तेव्हा लालबुंद होऊन बाहेर गेला. पुढे वर्षभर तो चष्मेवाल्यांशी एक शब्दही बोलला नाही. नवा चष्मासुद्धा हट्टाने दुसऱ्या दुकानातून केला.

"कोणाची हरकत नसेल तर सभासदाला बसता येतं," बाई हळूच म्हणाल्या. "तशी सोय ठेवली आहे आपण."

वकीलसाहेबांनी मान हलवून होकार दिला. औषधांचा दुकानदार नखं बघत बसला. सगळ्यांच्या नजरा कंत्राटदाराकडे वळल्या.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "बसा तुम्ही."

चष्मेवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बसावंसं वाटत होतं. इतकं वाटत होतं की त्यांचे गुडघे वाकलेसुद्धा. मग ते सरळ उभे राहिले.

"माझी आहे," ते म्हणाले. "मी हात वर केला, तर उद्या ठाणं म्हणेल की बापानेच निकाल दिला."

बाहेरच्या बाकावर त्यांची बायको बसली होती. तक्रार तिच्या नावावर होती. शेजारी एक तरुण पोरगी आणि तिचा हातगाडीवाला नवरा होता. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्यांची फाईल अठरा नंबरची.

"अहो, तुम्ही बाहेर कसे?" बायकोने विचारलं.

"नियम आहे."

"कोणी केला असला नियम?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. काचा स्वच्छच होत्या.

"मीच."

"रोज घरी येऊन सांगायचात," ती म्हणाली, "आज याच्यासाठी हात वर केला, आज त्याच्यासाठी केला. मी म्हणायचे, चला, कोणाचं तरी भलं होतंय. मला वाटलं, एक दिवस आपल्या पोरासाठीही कराल."

त्यांना बोलायचं होतं. ठाण्याचं, वरच्या कोर्टाचं, निकाल कसा टिकतो त्याचं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आयुष्यात त्यांना स्वतःच्या शहाणपणाचा इतका राग कधी आला नव्हता.

वीस मिनिटांनी दार उघडलं. कंत्राटदार एकटाच बाहेर आला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं.

"दोन," तो म्हणाला. "मी केला होता वर. वकीलसाहेबांनी केला. औषधवाल्याचा हात टेबलाखालून निघालाच नाही. बाई म्हणाल्या, पडूनच गेला अशी डॉक्टरांची सही आहे, सहीच्या पुढे कसं जायचं. रडत होत्या, पण हात नाही केला."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली, जणू गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर सांगत होतं.

"तुमचा तो नियम तेव्हा मला फार झोंबला होता," कंत्राटदार म्हणाला. "आज त्याहून झोंबला." आणि तो घाईघाईने आत गेला.

बायको हुंदका न देता रडली. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. चष्मेवाले तिच्या शेजारी टेकले. दोघांमध्ये एका माणसाची जागा राहिली.

"फाईल अठरा!" प्यूनने दारातून हाक दिली. "चष्मेवाले, बाई बोलावतायत."

हातगाडीवाला उठला. त्याच्या बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि कागदांची पिशवी छातीशी धरली.

"सांग त्यांना, मी नाही येत," चष्मेवाले म्हणाले. "आज नाही. पुन्हाही नाही. चल गं, घरी जाऊ."

बायको उठली नाही. ती त्या पोरीकडे बघत होती. मग तिने तळव्याने तोंड पुसलं.

"जा आत," ती म्हणाली. "नाहीतर तिलाही दोनच हात मिळतील."