वरची घडी

“कागद बाईंचा, खिडकी बाईंची. मग काजळीही बाईंचीच असन, साहेब!”

मनोहररावांच्या या वाक्यावर त्यांच्याच कापडदुकानाच्या गादीवर बसलेले सगळे व्यापारी हसले. पाहणीला आलेले पालिकेचे अधिकारीही चहाच्या कपाआड हसले.

कुसुमताई हसल्या नाहीत. समोर त्यांचे पंधरा गाळणकागद मांडलेले होते. दुकानासमोरच्या माडीवर मुलींची शाळा होती आणि तेथे त्या विज्ञान शिकवीत. रोज एक कागद त्यांनी वर्गाच्या खिडकीत टांगला होता. चौदा काळे झाले होते. पंधरावा, बाजार बंद असतानाचा, पांढरा राहिला होता.

गांधीबागेच्या कापडबाजारातल्या त्या गल्लीत एरवी दिवसभर तीन-चार ट्रक कापडाच्या गाठी उतरवीत उभे असत. इंजिने चालूच ठेवलेली. एकदा बंद केलेला ट्रक धक्का मारल्याविना सुरू होत नसे आणि धक्का मारायला गल्लीत जागा नव्हती. धूर सरळ वर्गात शिरे. कुसुमताईंची मागणी एका ओळीची होती : ट्रक बाजाराबाहेर थांबावेत, गाठी हातगाड्यांवरून आत याव्यात. व्यापाऱ्यांचा तोडगाही एका ओळीचा होता : शाळा गावाबाहेर हलवावी. तो आदेश टंकलिखित होऊन आला होता. फक्त सही राहिली होती. एवढ्या लांबच्या शाळेत या गल्लीतला एकही बाप मुलीला धाडणार नाही, हे कुसुमताईंना ठाऊक होते. व्यापाऱ्यांनाही ठाऊक होते.

“तुमीच पाहा ना साहेब,” मनोहररावांनी गल्लीकडे हात केला. “कुठी दिसून राहिला धूर?”

धूर खरोखरच नव्हता. पाहणीचा दिवस म्हणून आज ट्रक आलेच नव्हते. गाठी सकाळपासून हातगाड्यांवरून येत होत्या, आणि बाजार बिनबोभाट चालला होता.

“आज नाही,” कुसुमताई म्हणाल्या. “उद्या या.”

“बाई, प्रश्न तुमच्या प्रामाणिकपणाचा नाही,” अधिकारी म्हणाले. “पण तक्रार तुमची आणि नमुनाही तुम्हीच घेतलेला. हा पुरावा कसा धरायचा?”

आक्षेप बिनचूक होता. वर्गात एखाद्या मुलीने तो घेतला असता, तर कुसुमताईंनी तिला शाबासकी दिली असती.

“मान्य,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागद गोळा केले.

अधिकाऱ्यांनी पेनाचे टोपण काढले.

“मनोहरराव,” कुसुमताई म्हणाल्या, “शाळा हलणार म्हटल्यावर आमचा सूक्ष्मदर्शक गुंडाळायला कापड लागेल. दोन मीटर पांढरा लठ्ठा द्या.”

जिंकलेला माणूस उदार होतो. “दोन काहून, चार घ्या!” म्हणत मनोहररावांनी मागच्या फळीवरचे ठाण ओढले, गादीवर आपटले आणि सवयीच्या एका झटक्यात वरची घडी उलटून बाजूला सारली. आतल्या शुभ्र कापडावर त्यांनी मीटरपट्टी टेकवली.

“वरचंच द्या की,” कुसुमताई म्हणाल्या.

“छे! वरची घडी नाही देत मी कोणाले.”

“काहून?” शाळेत प्रमाण मराठीचा आग्रह धरणाऱ्या बाईंनी विचारले.

“काहून म्हणजे? वर्षं झाली तीस, डागी माल विकला नाही या हातानं. ट्रकचा धूर बसते ना बाई तिच्यावर! आठ दिवसांत चुलीजवळच्या फडक्यावानी होते. साऱ्या गल्लीत इचारा, कोणताच दुकानदार...”

पट्टी तशीच राहिली. गादीवर कोणी हसले नाही. अधिकाऱ्यांनी बाजूला सारलेली घडी दोन बोटांनी उचलली. बाहेरची बाजू राखी होती. जेथे दुमड होती, तेथे पांढऱ्याची आणि काळ्याची सीमा आखल्यासारखी स्पष्ट होती.

कुसुमताईंनी मनोहररावांच्या हातातून कात्री घेतली, ती घडी कापली आणि अजून सही न झालेल्या आदेशावर ठेवली.

“साहेब, हा नमुना मी घेतलेला नाही.”